किराळ: सकाळी साडेसहापासून

होटगी, ऑगस्ट. पावसानं ओढ दिली की दक्षिण सोलापुरात गुरं असलेल्या माणसाला एक धास्ती लागते, जनावराला किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागण्याची. पुढची हकीकत कुण्या एका गाईची नाही. किराळ लागल्यावर गोठ्यात आणि पेशीत जे घडतं, ते मी घड्याळाला लावून मांडलं आहे.

तीन आठवडे आधी. बांधालगत कडवळ टाकलं होतं. गुडघ्याएवढं व्हायच्या आतच त्याची वाढ खुंटली. अशा कोवळ्या, तहानलेल्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य साठतं. ते फोडून सायनाइड मोकळं करणारं एन्झाइमही त्याच पानात असतं, पण शेजारच्या पेशींत. दोघांमधली भिंत दाढेखाली मोडते.

६:३०. गव्हाण रिकामी. कडबा संपत आलाय म्हणून सकाळची वैरण टाळली. माझ्या मते चूक एवढीच. पुढचं सगळं रसायनशास्त्र.

७:३०. दावं सुटतं. उपाशी गाय कडवळात शिरते आणि पंधरा मिनिटं अधाशासारखी खाते. घातक मात्रा वजनाच्या किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम. तीनशे किलोच्या गाईला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे तापाच्या एका गोळीएवढी.

७:४५. कोटीपोटातले जिवाणू उरलेलं धुरिनही फोडू लागतात. रवंथ करणारी जनावरं सापडतात ती यामुळेच. सायनाइड रक्तात उतरतं.

७:५०. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या शेवटच्या टप्प्यावर सायटोक्रोम ऑक्सिडेज बसलेलं असतं. आलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हाती देणं हे त्याचं काम. सायनाइड त्याच्या लोहाला चिकटतं आणि देवघेव बंद पडते.

आता हे इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या सायट्रिक आम्लचक्राकडे बघू. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून ते मांडलं. ('नेचर'नं तो लेख परत पाठवला होता, हे सांगायचा मोह आवरत नाही.) सायनाइडचा मुख्य घाव या चक्रावर नसतोच. तरीही ते थांबतं, आणि थांबतं ते स्वतःच्या शिस्तीनं.

होटगीकरांना हे समजायला जड नाही. जवळच्या फताटेवाडीच्या वीज केंद्राला कोळसा रेल्वेनं येतो. भरलेल्या वाघिणी तिथे रित्या होतात आणि पुन्हा भरायला परततात. पेशीतली वाघीण म्हणजे एनएडी. चक्र तिच्यात इलेक्ट्रॉन भरतं, तेव्हा ती एनएडीएच होते. शेवटच्या टप्प्यावर रिती होऊन परत येते. उतरवणंच थांबलं तर सगळ्या वाघिणी भरलेल्या उभ्या राहतात. एरवी एनएडीएच साचणं म्हणजे 'ऊर्जा भरपूर आहे, सावकाश' असा निरोप. आयसोसायट्रेट डिहायड्रोजिनेज आणि अल्फा-कीटोग्लुटारेट डिहायड्रोजिनेज तो निमूटपणे पाळतात. चक्राच्या दाराशी ग्लुकोजपासून आलेल्या पायरुवेटला आत घेणारं एन्झाइमही हात आखडतं.

दुसरीकडे पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी संपत आलेलं असतं, ते खर्चून उरणारं एडीपी वाढत असतं. एडीपीचा निरोप नेमका उलटा: 'चालवा, जोरात चालवा.' पण रिती वाघीणच नाही, तर भरणार कशात?

७:५५. पायरुवेटचं लॅक्टिक आम्ल होऊ लागतं. या आडवाटेनं ग्लुकोजच्या एका रेणूमागे २ एटीपी सुटतात. सरळ वाटेनं तीसएक सुटले असते. मेंदूचं एवढ्यात भागत नाही.

८:००. गाय धापा टाकते, लाळ गाळते, झोकांड्या खाते. डोळ्यांच्या कडा लालभडक. फुफ्फुसं ऑक्सिजन घेतायत, रक्त तो पोचवतंय. वापरणारं कुणी नाही.

८:१०. मालक पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकाला फोन लावतो. "किराळ लागलंय बघा, साहेब. आडवी पडलीय. लवकर या."

८:२५. पाय ताणले जातात. श्वास थांबतो.

८:५०. डॉक्टर पोचतात. पिशवीत सोडियम नाइट्राइट आहे. ते हिमोग्लोबिनचं लोह बदलून सायनाइडला तिकडे ओढून घेतं. सोबत सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटो स्टुडिओतलं 'हायपो'. त्यातल्या गंधकामुळे सायनाइडचं थायोसायनेट होतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. दोन्ही शिरेतून द्यायची, हृदय चालू असताना.

डॉक्टर पिशवी न उघडताच बाकीची गुरं कुठे आहेत ते विचारतात. मालक बांधाकडे हात करतो. वासरू कडवळाच्या कडेला उभं आहे.