लक्ष्मीबाई डोंगरे यांची घरची पाठशाळा

स्त्रियांनी संस्कृत शिकणे समाजाला मान्य नव्हते त्या काळात अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना घरीच ती विद्या दिली, आणि लक्ष्मीबाईंनी ती आपल्या मुलीला, म्हणजे पुढे पंडिता रमाबाई (जन्म १८५८) म्हणून ख्यातनाम झालेल्या विदुषीला, वयाच्या आठव्या वर्षापासून शिकवली. कुटुंब सतत तीर्थयात्रेत असल्याने या शिक्षणाला ना इयत्ता होती ना इमारत. तरीही ते विस्कळीत होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण दिवसाची कामे सुरू होण्यापूर्वी, भल्या पहाटे मुलीला जवळ घेऊन जागे करायचे आणि पाठ द्यायचा, हा क्रम त्या माउलीने निष्ठेने सांभाळला. संथा, म्हणजे गुरूने म्हटलेला पाठ शिष्याने तसाच म्हणून कंठस्थ करण्याची रीत, हा या अध्यापनाचा कणा होता. परंपरेने अठरा हजार श्लोकांचे मानले जाणारे भागवत रमाबाईंना लहानपणीच मुखोद्गत झाले. प्रगतीचे मोजमाप गुणपत्रिकेवर नव्हे, तर यात्रेकरूंसमोर पुराण सांगताना होई. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ही विद्या पारखून रमाबाईंना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. तिचे पहिले श्रेय लक्ष्मीबाईंकडेच जाते.