लॉब (पॅडल)

लॉब हा पॅडल या रॅकेटच्या खेळातील एक फटका असून, त्यात चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यावरून उंच कमानीत मारून कोर्टाच्या मागील भागात टाकला जातो. स्पॅनिश भाषेत त्यास 'ग्लोबो', म्हणजे 'फुगा', असे म्हणतात. टेनिसमध्ये लॉब हा बहुधा अडचणीतून सुटण्याचा उपाय मानला जातो. पॅडलमध्ये मात्र नेटजवळची जागा कोणत्या जोडीच्या ताब्यात राहील, हे मोठ्या प्रमाणात या फटक्यावर आणि त्याला दिलेल्या उत्तरावर ठरते. म्हणून उंच लॉब हाताळताना तत्काळ गुण मिळवण्यापेक्षा नेटजवळची जागा टिकवणे हे मुख्य उद्दिष्ट असते.

पार्श्वभूमी

पॅडलचा उगम १९६९ साली मेक्सिकोतील आकापुल्को येथे झाला. एन्रिके कोर्कुएरा यांनी आपल्या घराच्या आवारात भिंतींनी वेढलेले कोर्ट बांधून हा खेळ सुरू केला. १९७४ मध्ये आल्फोन्सो दे होहेनलोहे यांनी तो स्पेनमधील मार्बेया येथे नेला. पुढे अर्जेंटिनातही तो लोकप्रिय झाला. या इतिहासामुळे फटक्यांची बहुतेक नावे स्पॅनिश आहेत आणि इतर देशांतील खेळाडूही तीच वापरतात.

कोर्ट आणि नियम

पॅडलचे कोर्ट २० मीटर लांब व १० मीटर रुंद असते. नेटची उंची मध्यभागी ८८ सेंटीमीटर असते आणि सर्व्हिस रेषा नेटपासून ६.९५ मीटर अंतरावर असते. मागील बाजूस ३ मीटर उंचीची, बहुधा काचेची, भिंत आणि तिच्यावर १ मीटर तारेची जाळी असते. खेळ प्रामुख्याने दुहेरीत खेळला जातो व गुणांची पद्धत टेनिसप्रमाणे असते.

लॉबच्या दृष्टीने दोन नियम महत्त्वाचे आहेत. पहिला नियम असा की, चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या भागात प्रथम जमिनीवर पडला पाहिजे. तो थेट त्यांच्या भिंतीवर आदळला तर मारणाऱ्या जोडीचा गुण जातो. त्यामुळे लॉब खोल हवा, पण भिंतीला टप्प्याआधी लागता कामा नये. दुसरा नियम असा की, एक टप्पा पडल्यानंतर भिंतीवरून परतलेला चेंडू दुसरा टप्पा पडेपर्यंत खेळता येतो. टेनिसमध्ये डोक्यावरून निसटलेला चेंडू बहुधा गमावलेला असतो. पॅडलमध्ये भिंत तो परत आणून देते. लॉब हवेतच मारावा की जाऊ द्यावा, हा निवडीचा प्रश्न त्यामुळेच निर्माण होतो.

फटक्याची निवड

चेंडू कोठे पडणार, याच्या अंदाजावरून खेळाडू फटका निवडतो.

चेंडू आखूड असेल, म्हणजे नेट व सर्व्हिस रेषा यांच्या दरम्यान पडणार असेल, तर स्मॅश मारणे योग्य ठरते. टप्प्यानंतर चेंडू ३ मीटर उंचीच्या बाजूच्या कुंपणावरून बाहेर घालवणाऱ्या स्मॅशला 'पोर त्रेस' आणि ४ मीटर उंचीच्या मागील भिंतीवरून बाहेर घालवणाऱ्या स्मॅशला 'पोर क्वात्रो' म्हणतात. जोरदार सपाट स्मॅश मागील काचेवर आदळून नेट ओलांडून मारणाऱ्याच्या भागात परत आला आणि प्रतिस्पर्ध्यांना त्यास स्पर्श करता आला नाही, तरीही गुण मिळतो.

चेंडू सर्व्हिस रेषेच्या आसपास पडणार असेल, तर 'बांदेहा' हा फटका वापरतात. या शब्दाचा अर्थ 'तबक' असा आहे. चेंडू स्मॅशपेक्षा खालच्या उंचीवर, साधारण डोळ्यांच्या रेषेत, शरीराच्या किंचित पुढे घेऊन त्यास उलटी फिरकी दिली जाते. वेग मध्यम ठेवून चेंडू मागील कोपऱ्याकडे धाडला जातो. फिरकीमुळे तो काचेवरून कमी उसळतो, आणि मारणाऱ्यास पुन्हा नेटजवळ येण्यास वेळ मिळतो. 'बिबोरा', म्हणजे 'विषारी साप', हा त्याचा अधिक आक्रमक प्रकार आहे. त्यात वेग व आडवी फिरकी अधिक असते, त्यामुळे चेंडू भिंतीवरून अनपेक्षित दिशेने वळतो.

चेंडू याहून खोल जाणार असेल, तर तो जाऊ देणे इष्ट असते. काचेवरून परतलेला चेंडू पुरेसा उंच असल्यास तो वरून खाली जोराने मारता येतो. या फटक्यास 'बाहादा' म्हणतात. चेंडू कमी उसळल्यास प्रत्युत्तरादाखल लॉब मारणे सर्वांत सुरक्षित असते. त्यामुळे मागे गेलेल्या जोडीस नेटकडे परतण्याची संधी मिळते.

हालचाल

फटका चुकण्याचे कारण अनेकदा हातापेक्षा पायांत असते. प्रतिस्पर्धी वाकून रॅकेटचा चेहरा वर उघडताना दिसताच लॉबची अपेक्षा धरावी आणि खांदे व कंबर वळवून आडवे उभे राहावे. मागे जाताना पाय एकमेकांवरून टाकत तिरके सरकावे. नेटकडे तोंड ठेवून उलट पावली धावल्यास तोल जातो व पडून इजा होण्याचा धोका असतो. मोकळा हात चेंडूच्या दिशेने वर धरल्यास अंतराचा अंदाज येतो आणि खांदे लवकर सरळ होत नाहीत. फटक्यानंतर लगेच पुढे सरकणे हा या कृतीचाच भाग आहे.

जोडीदारांतील समन्वय

दोघांच्या मधोमध आलेला चेंडू कोण घेणार, हे 'माझा' किंवा 'तुझा' असे मोठ्याने सांगून ठरवतात. सामान्यतः ज्याचा फोरहँड मध्यभागाकडे असतो, तो हा चेंडू घेतो. दोन्ही खेळाडू उजव्या हाताचे असल्यास ही जबाबदारी डाव्या बाजूच्या खेळाडूकडे येते. एक जण मागे गेला तर दुसऱ्यानेही काहीसे मागे सरकावे, अन्यथा दोघांमध्ये तिरकी मोकळी जागा उरते.

उजव्या बाजूस डावखुरा आणि डाव्या बाजूस उजव्या हाताचा खेळाडू असेल, तर दोघांचेही फोरहँड मध्यभागी येतात. मध्यावर पडणारे लॉब अशा जोडीस सोयीचे ठरतात. अर्जेंटिनात जन्मलेले फर्नांदो बेलास्तेगिन आणि डावखुरे हुआन मार्तिन दियास यांची जोडी २००२ ते २०१४ या काळात एकत्र खेळली. आगुस्तिन तापिया व डावखुरे आर्तुरो कोएयो ही २०२३ पासून एकत्र खेळणारी जोडीही याच रचनेची आहे. अशा जोडीविरुद्ध लॉब बाजूच्या भिंतीलगत, खेळाडूच्या बॅकहँड खांद्यावरून टाकणे अधिक उपयुक्त असते.

परिस्थितीचा परिणाम

उष्ण हवेत व समुद्रसपाटीपासून उंचावरील ठिकाणी चेंडू अधिक उसळतो, त्यामुळे कोर्टाबाहेर जाणारे स्मॅश सोपे होतात व आखूड लॉब महाग पडतो. थंड किंवा दमट हवेत चेंडू कमी उसळतो. तेथे जोरापेक्षा बांदेहाची अचूकता उपयोगी पडते. उघड्या मैदानावर वारा व सूर्यप्रकाश, तर बंदिस्त मैदानावर छताची उंची विचारात घ्यावी लागते.

सामान्य चुका

नवशिक्या खेळाडूंची सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्येक उंच चेंडूवर स्मॅश मारणे. मागून मारलेला स्मॅश कोर्टाबाहेर जाण्याइतका जोरदार नसेल, तर तो काचेवरून उसळून कोर्टाच्या मध्यभागी परततो. त्या वेळी मारणारा खेळाडू तोल सावरत असतो आणि प्रतिस्पर्ध्यांना सोपा चेंडू मिळतो. फटका दिसायला आक्रमक असला, तरी त्यातून नेटचा ताबा जातो. चेंडू डोक्याच्या मागे गेल्यावर मारणे, मुळीच न हलता केवळ हात उंचावणे आणि काचेवरून परतणाऱ्या चेंडूच्या फार जवळ उभे राहणे, या इतर नेहमीच्या चुका होत.