नावांच्या वह्या

अकबर बादशहाच्या दरबारातील अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आइने-अकबरी' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात वऱ्हाड सुभ्यातील परगण्यांची यादी आहे, आणि त्या यादीत 'योत-लोहारा' असे एक नाव आढळते. हे नाव ऐकून कोणा यवतमाळकराला आपल्या गावाची आठवण होईल असे वाटत नाही. पण गॅझेटिअरकार सांगतात की ते आपलेच यवतमाळ. योत म्हणजे यवत, लोहारा हे शहराला लागून वसलेले गाव, आणि यवतमाळातले 'मळ' म्हणजे 'महाल' या शब्दाचे झिजलेले रूप. महाल म्हणजे परगणा. पुढे इंग्रज आले, त्यांनी आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे ते 'येओटमल' म्हणून कागदावर उतरवले. गाव एकच, माणसे तीच, आणि दफ्तरागणिक नाव निराळे!

जिल्ह्याच्या नावाचीही अशीच कथा. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. 1864 साली आपला जिल्हा वेगळा निघाला, तो आधी 'दक्षिण-पूर्व वऱ्हाड' म्हणून आणि मग 'वणी' जिल्हा म्हणून. 1905 साली दारव्हा आणि पुसद हे तालुके वाशीम जिल्ह्यातून काढून त्याला जोडले, तेव्हा कुठे तो यवतमाळ जिल्हा झाला. आज एखाद्याला आपल्या पणजोबांचा कागद शोधायचा असेल, तर त्याला आधी हा इतिहास ठाऊक हवा. नाहीतर बिचारा यवतमाळच्या बासनात हात घालील आणि कागद मात्र वाशीमच्या बासनात निवांत पडलेला असेल.

नाव ठेवणे सोपे आहे. बारशाच्या दिवशी आत्याबाई ते काम हसतखेळत करते. पण ते नाव कोठेतरी लिहून ठेवणे, लागेल तेव्हा ते सापडणे, आणि ते याच माणसाचे आहे अशी खात्री पटणे, ही तीन कामे मोठी कठीण. या तीन कामांसाठी माणसाने किती वह्या घातल्या आणि त्या कशा रचल्या, याचा इतिहास राजे-रजवाड्यांच्या इतिहासाइतकाच मनोरंजक आहे.

सर्वांत रसाळ उदाहरण आपल्या घरातलेच आहे. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलात की तीर्थोपाध्याय विचारतात, "यजमान, गाव कोणते? आडनाव काय? मूळ गाव?" एवढ्या तीन प्रश्नांवर ते माडीवरून एक लांबट वही काढतात आणि तुमच्या आजोबांच्या हाताचे अक्षर तुमच्यापुढे ठेवतात. आणि समजा, तुमचे घराणे त्यांच्याकडचे नसले, तर ते तुम्हांला रिकाम्या हाताने परत पाठवीत नाहीत. "ते गाव आमच्याकडे नाही, पलीकडच्या वाड्यात अमक्यांकडे विचारा," असे सांगतात. साऱ्या महाराष्ट्राची एकच प्रचंड वही कोणी घातली नाही. ज्याच्याकडे ज्यांचा राबता, त्याच्याकडे त्यांची नोंद. इतरांनी फक्त वाट दाखवायची. हा एक शहाणपणाचा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो फार दूरच्या मुलुखात पुन्हा हाती लागणार आहे.

गावच्या कारभाराची रचनाही अशीच पायरीपायरीची होती. गावात पाटील आणि पटवारी, त्यांच्यावर परगण्याचे देशमुख-देशपांडे, त्यांच्यावर सुभा. इतर ठिकाणी ज्याला कुळकर्णी म्हणत, त्याला वऱ्हाडात पटवारी म्हणत. आमच्याकडची म्हातारी माणसे तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात. कोणाचे शेत कोणते, बांध कोठवर, हे पटवाऱ्याला ठाऊक. सुभेदाराने त्यात डोके घालण्याचे कारण नव्हते. मात्र या रचनेत एक फार मोठी खोट होती. ज्या कुणब्याचे नाव वहीत होते, त्याला ती वही वाचता येत नव्हती. लेखणी एकाच्या हाती आणि अंगठा दुसऱ्याचा. जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात या लेखणीने अडाणी शेतकऱ्याला कसे नागवले याचे वर्णन आहे. वही चांगली की वाईट हे तिच्या रेघांवर ठरत नाही. ती कोणाला उघडता येते यावर ठरते.

तरीपण जुन्या वह्यांना नावे ठेवताना त्यांतला एक गुण सांगितलाच पाहिजे. जमिनीच्या दफ्तरात गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही. बाप वारला, शेत विकले, वाटणी झाली, की बदल आधी त्या वहीत चढतो. हितसंबंधी लोकांना नोटीस जाते, हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत मिळते, मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, आणि तेव्हा कुठे सातबारावरचे नाव बदलते. जुने नाव खोडून नवे लिहिले आणि मोकळे झाले, असे होत नाही. कोणी, केव्हा, कशाच्या आधारे बदलले, याचा माग राहतो.

आता टपालाकडे वळू. पत्रावर नुसते 'बोरगाव' लिहिले, तर ते पत्र महाराष्ट्रभर हिंडेल, कारण बोरगावे पुष्कळ. आमच्याच जिल्ह्यात झरी तालुक्यात पाटण आहे आणि केळापूर तालुक्यात पाटणबोरी आहे. घाईने पत्ता लिहिणाऱ्याने अर्धेच नाव लिहिले की पत्र भलत्या गावी पोचलेच. त्यातून भारतात लिप्या अनेक आणि अक्षर ज्याचे त्याचे. या घोळावर उपाय काढला तो एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि त्याचबरोबर संस्कृतातले कवी. त्यांच्या कल्पनेतून 15 ऑगस्ट 1972 रोजी सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. देशाचे आठ विभाग आणि नववा लष्करी टपालाचा. यवतमाळचा आकडा 445001. पहिल्या चाराने पत्र पश्चिमेच्या विभागात येते, चव्वेचाळीसने विदर्भाकडे वळते, 445 म्हटले की आपला जिल्हा, आणि उरलेले तीन आकडे टपाल कचेरीचे. वणीचे 445304, पुसदचे 445204. मुंबईच्या टपालवाल्याला वणी कोठे आहे हे माहीत असण्याची गरजच नाही. त्याने पहिले आकडे पाहावेत आणि थैली पुढे रवाना करावी. छंदांची आणि गणांची मोजदाद करणाऱ्या संस्कृत कवीला ही बांधणी सुचावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

दूरध्वनीच्या यादीचेही तसेच. अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी 1878 साली पहिली यादी निघाली, तो एक कागदाचा तुकडा होता. त्यावर सुमारे पन्नास नावे होती आणि नंबर एकही नव्हता! ऑपरेटरला नाव सांगायचे, तो जोडून देई. मुंबईत 1882 साली दूरध्वनी केंद्र उघडले. माणसे वाढली तेव्हा नंबर आले, आणि नंबर आले तेव्हा याद्या जाडजूड झाल्या.

हीच गोष्ट यंत्रांच्या जगात पुन्हा घडली. 1969 साली अमेरिकेत संगणक तारांनी एकमेकांना जोडण्यास आरंभ झाला. सुरुवातीला यंत्रे इनमिन चार. पुढे ती वाढत गेली, आणि प्रत्येक यंत्राचे नाव व क्रमांक कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एकाच यादीत लिहून ठेवीत. एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी ही यादी सांभाळीत. नवे यंत्र आले की त्यांना कळवायचे, त्यांनी नाव चढवायचे, आणि सर्वांनी ती यादी पुन्हा पुन्हा उतरवून घ्यायची. यंत्रे शेकड्यांनी झाली तेव्हा ही एक वही पुरेना. 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी तोडगा काढला: एक वही नको, अनेक वह्या असू द्या, प्रत्येकाने आपापल्या हद्दीतील नावे सांभाळावी, आणि वरच्याने फक्त खालच्याचा पत्ता सांगावा. म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांचेच धोरण! पलीकडच्या वाड्यात विचारा.

यंत्रांची नावे झाली, मग माणसांची पाळी आली. 1988 साली जागतिक दूरसंचार संघटनेने 'एक्स पाचशे' नावाची एक पद्धत ठरवली. तिच्यात माणसाचे नाव झाडासारखे मांडायचे: देश, त्याखाली संस्था, त्याखाली विभाग, त्याखाली माणूस. जिल्हा, तालुका, मौजे, घर हीच ती उतरंड. ही पद्धत फार अवजड ठरली, म्हणून मिशिगन विद्यापीठात टिम हाउज आणि त्यांच्या सोबत्यांनी 1993 च्या सुमारास तिची हलकी आवृत्ती तयार केली. तिला 'एलडॅप' म्हणतात. मोठमोठ्या कचेऱ्यांत, बँकांत, विद्यापीठांत कर्मचारी सकाळी संगणकापुढे बसून नाव आणि परवलीचा शब्द देतो, तेव्हा पडद्याआड पुष्कळदा अशीच एखादी वही उघडून तो कोण आणि त्याला कोणती दालने मोकळी आहेत हे पाहिले जाते.

ही वही कशी रचावी आणि सांभाळावी, हा आता महाविद्यालयात शिकवण्याचा विषय झाला आहे. त्याचे नाव 'निर्देशिका सेवा'. यवतमाळ-पुसदकडची जी मुले संगणकाची विद्या शिकतात, त्यांच्याही वाट्याला आज ना उद्या हे काम येते. नाव विलायती असले, तरी त्यातले प्रश्न पाहिले तर ते पटवाऱ्याच्या दफ्तरातलेच निघतात. वहीत रकाने कोणते असावेत? एकाच नावाची दोन माणसे आली तर काय? मूळ वही कोणती आणि नक्कल कोणती? कोणाला वाचू द्यावे, आणि कोणाला खोडता यावे?

यांतला पहिलाच प्रश्न पाहा. रकाना ठरवणारा सहज म्हणतो, नाव, वडिलांचे नाव, आडनाव, झाले. पण आपल्याकडे मुलीचे लग्नात नावसुद्धा बदलण्याची चाल आहे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात ती सुमन, रेशनकार्डावर ती लक्ष्मी, आणि नवरा गेल्यावर शेतावर वारस म्हणून नाव चढवायचे तर तिने सिद्ध करायचे की या दोघी एकच! दुसरे उदाहरण वस्तीचे. महसुली दफ्तराला 'मौजे' कळते. पण आमच्या जिल्ह्यात कोलामांचे पोड आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत, पारध्यांचे बेडे आहेत. त्यांतल्या पुष्कळांना कागदावर स्वतःचे नाव नाही. ते दुसऱ्या कोणत्या तरी मौजाच्या पोटात दडलेले असतात. यादीत गाव नाही, म्हणून गावाच्या नावे येणारी विहीरही नाही.

आणि नाव वहीत असणे हे दरवेळी भाग्याचेच असते असेही नाही. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 साली तो साऱ्या देशाला लागू होईल असा केला. या कायद्याखाली माणसाने गुन्हा केला असो वा नसो, त्याचे नाव रजिस्टरात चढे, आणि मग ठाण्यावर हजेरी देणे आले, परवानगीवाचून गाव सोडणे बंद झाले. 1952 साली, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, तो कायदा रद्द झाला. पण वहीतून गेलेले नाव लोकांच्या मनातून जायला फार काळ लागतो, हे पारधी बेड्यावरच्या कोणाही म्हाताऱ्याला विचारावे.

उलट, एखादी जुनी नोंद पिढ्यांनंतर उपकारही करते. विदर्भात गावचा कोतवाल जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवी. त्या 'कोतवाल बुका'ची नक्कल आज मुले तहसिलीत शोधत फिरतात, कारण अनुसूचित जमातीचा दाखला पडताळताना 1950 पूर्वीचा पुरावा मोलाचा ठरतो. शंभर वर्षांपूर्वी कोणा कोतवालाने सांगितलेला आणि कोणी लिहिलेला एक शब्द आज एका मुलीला महाविद्यालयात प्रवेश मिळवून देतो, किंवा तो शब्द चुकला असेल तर तिची वाट अडवून धरतो.

वह्या आता तारांवर चढल्या आहेत. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले. 2017 च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांनी केंद्रांपुढे रांगा लावून संगणकावर अर्ज भरले, आणि बँकांच्या याद्या व अर्जांच्या याद्या जुळवता जुळवता महिने लोटले. कापसाच्या या जिल्ह्यात त्या महिन्यांची किंमत काय, ते सांगायला नको. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. वही कोणी वाचावी या जुन्या प्रश्नाला त्यामुळे संविधानाचे बळ मिळाले. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. फुल्यांच्या काळचा कुणबी जी वही उघडू शकत नव्हता, ती त्याच्या पणतवाच्या हातातल्या फोनवर उघडते. ही काही लहान गोष्ट नव्हे.

मात्र उघडणे आणि दुरुस्त करणे यांत अजून अंतर आहे. नावातला एक काना चुकला, तर संगणकापुढे बसलेला मुलगा म्हणतो, "काका, हे वरून आलं आहे, इथे बदलता येत नाही." पूर्वी निदान पटवाऱ्याच्या ओट्यावर जाऊन भांडता येत असे. म्हणून ही विद्या शिकणाऱ्या आपल्या मुलांना दिवाळीच्या फराळाबरोबर एवढेच सांगावे: नोंद माणसाच्या जितकी जवळ ठेवता येईल तितकी ठेवा, फेरफाराची वही कधी बंद करू नका, आणि ज्याचे नाव आहे त्याला हरकत घ्यायला पंधरा दिवस आणि एक माणूस तरी समोर असू द्या. 2011 च्या शिरगणतीत आपल्या जिल्ह्यात 27 लाख 72 हजारांवर माणसे मोजली गेली. त्यांतल्या प्रत्येकाचे बारसे कोणीतरी केले होते.