चिनी युद्धपट व इतिहास

चिनी युद्धपट व इतिहास : चीनच्या इतिहासातील लढायांवर बेतलेल्या भव्य चित्रपटांत खरे किती आणि रचलेले किती, हा चीनमध्ये प्रेक्षक, इतिहासकार आणि सरकार या तिघांच्याही जिव्हाळ्याचा वादविषय आहे. या चित्रपटांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एक प्राचीन राजघराण्यांच्या लढायांचा, दुसरा विसाव्या शतकातील युद्धांचा. पहिल्या गटासाठी साधने तुटपुंजी आहेत, तीही बहुतेक नंतरच्या काळात लिहिलेली. दुसऱ्यासाठी कागदपत्रे, छायाचित्रे, वृत्तपत्रे सारे काही आहे, आणि साक्षीदारही कालपरवापर्यंत हयात होते. तरीही सत्याची ओढाताण दुसऱ्या गटातच अधिक होते. अठराशे वर्षांपूर्वीच्या सेनापतीला दिग्दर्शक हवे ते करायला लावू शकतो. विसाव्या शतकातील लढाईत मात्र कोणाचा ध्वज दाखवायचा, हे ठरवणे त्याच्या हाती उरत नाही.

पहिल्या गटाचे उत्तम उदाहरण म्हणजे जॉन वू दिग्दर्शित ‘रेड क्लिफ’. त्याचा पहिला भाग जुलै २००८ मध्ये आणि दुसरा जानेवारी २००९ मध्ये चीनमध्ये प्रदर्शित झाला. दोन्ही मिळून लांबी साडेचार तासांहून अधिक. पाश्चात्त्य देशांसाठी तो कापून अडीच तासांच्या आत बसवण्यात आला. सुमारे आठ कोटी डॉलर खर्चाचा हा चित्रपट त्या वेळी आशियाई भांडवलावर निघालेला सर्वांत महागडा चित्रपट मानला गेला. झोऊ यूची भूमिका टोनी लिऊंग यांनी, झुगे लियांगची ताकेशी कानेशिरो यांनी आणि त्साओ त्साओची झांग फेंगयी यांनी केली.

विषय आहे इ.स. २०८ च्या हिवाळ्यात यांगत्से नदीवर झालेल्या चिबीच्या, म्हणजे तांबड्या कड्यांच्या, लढाईचा. हान घराण्याची सत्ता नावापुरती उरली होती. बादशहाला मुठीत ठेवून उत्तर चीन जिंकलेला त्साओ त्साओ दक्षिणेकडे निघाला, आणि सुन छ्वान व लिऊ बेई यांच्या दोस्त फौजांनी त्याला नदीवर रोखले. झोऊ यू हा सुन छ्वानचा सेनापती, झुगे लियांग हा लिऊ बेईचा दूत. पुढे चीनचे तीन राज्यांत विभाजन झाले, त्याची पायाभरणी या लढाईने केली.

या लढाईची साधने थरांनी साचलेली आहेत. चेन शोऊ (२३३–२९७) याने तिसऱ्या शतकात ‘सानगुओ झी’ हा अधिकृत इतिहास लिहिला. तो इतका आटोपशीर होता, की पेई सोंगझी याने ४२९ मध्ये त्याला विस्तृत टीपा जोडल्या आणि आज लुप्त झालेल्या अनेक ग्रंथांतील उतारे त्यांत जपले. सिमा ग्वांगचे इतिवृत्त १०८४ चे. या सगळ्यांवर कुरघोडी केली ती चौदाव्या शतकातील लुओ ग्वानझोंगच्या नावावर असलेल्या ‘सानगुओ यान्यी’ या कादंबरीने. चिनी माणसाच्या मनातला त्साओ त्साओ किंवा झुगे लियांग हा या कादंबरीतून आणि तिच्यावरच्या संगीत नाटकांतून आलेला आहे. त्साओ त्साओचा चेहरा नाटकात पांढरा रंगवतात, कारण तो कपटी. छिंग काळातील इतिहासपंडित झांग शुएचेंग याने या कादंबरीत सात भाग सत्य आणि तीन भाग कल्पित असल्याचा हिशेब मांडला होता, आणि हेच मिश्रण वाचकाला गोंधळात टाकते, अशी त्याची तक्रार होती. बखर आणि अस्सल पत्र यांचा झगडा पाहिलेल्या मराठी वाचकाला ही तक्रार ओळखीची वाटेल.

आपण कादंबरीपेक्षा इतिहासाला अधिक जवळ राहिलो, असा वू यांचा दावा होता. त्याच वेळी निम्मा भाग आपल्या कल्पनेचा असल्याचेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. दोन्ही विधाने खरी आहेत. गंमत अशी, की चित्रपटातील निव्वळ सिनेमासाठी रचल्यासारखी वाटणारी काही दृश्ये अस्सल साधनांतून आलेली आहेत, आणि जी प्रेक्षकाला पिढ्यान्‌पिढ्या ‘इतिहास’ म्हणून ठाऊक आहेत, त्यांतली बरीच कादंबरीची देणगी आहे.

चांगबानच्या पाठलागाचे दृश्य घ्या. लिऊ बेई एक लाखाहून अधिक रयत आणि हजारो गाड्यांसह दिवसाला जेमतेम दहाबारा ली (अंतराचे चिनी माप) चालत होता, आणि त्साओ त्साओच्या पाच हजार निवडक स्वारांनी एका दिवस-रात्रीत तीनशे ली तोडून त्याला गाठले, हे इतिहासात आहे. लिऊ बेईचा सरदार झाओ युन याने त्याचे तान्हे मूल छातीशी धरून वाचवले, दुसरा सरदार झांग फेई याने अवघ्या वीस स्वारांनिशी पुलाशी पिछाडी सांभाळली, हेही आहे. चित्रपटाने मारामारी फुगवली, पण मूळ प्रसंग घडलेला.

त्याहून बारीक एक जागा आहे. पहिल्या भागात कवायत चालू असताना गुराख्याच्या पोराची बासरी बेसूर वाजते. झोऊ यू फौज थांबवतो, बासरी हातात घेतो, सुरीने तिचे भोक किंचित तासतो आणि परत देतो. याचे मूळ चेन शोऊने लिहिलेल्या झोऊ यूच्या चरित्रात आहे : मद्याचे तीन प्याले झाल्यावरही वादनातली चूक त्याच्या कानातून सुटत नसे, आणि चूक झाली की तो वळून पाहत असे. चरित्रातील त्या एका वाक्यावर दिग्दर्शकाने अख्खा प्रसंग उभारला. ऐतिहासिक चित्रपटाने साधनांशी कसे वागावे, याचा हा नमुनाच म्हणावा लागेल.

झोऊ यूच्या बाबतीत चित्रपटाने इतिहासाचे एक जुने देणे फेडले आहे. कादंबरीत तो मत्सरी आहे. झुगे लियांगच्या बुद्धीपुढे जळून जळून मरतो. इतिहासातला झोऊ यू उदार, मनमिळाऊ आणि या लढाईचा खरा सेनापती आहे. २०८ साली तो चिनी गणनेने चौतीस वर्षांचा होता, तर झुगे लियांग अठ्ठावीस वर्षांचा तरुण दूत. युतीची बोलणी करणे हे झुगेचे काम होते, आणि ते त्याने चोख केले. लढाई जिंकली ती झोऊ यूने. कादंबरीत झुगे वेदीवर चढून मंत्रसामर्थ्याने आग्नेय वारा आणवतो. चित्रपटात तो हवामानाचा जाणकार आहे आणि वारा फिरणार हे निरीक्षणावरून ओळखतो. जादू गेली. वाऱ्याचे श्रेय मात्र त्याच्याकडेच राहिले.

त्साओ त्साओच्या फौजेच्या संख्येबाबत चित्रपट परंपरेच्या बाजूने झुकतो. आठ लाख हा आकडा त्साओ त्साओने स्वतःच धमकीच्या पत्रात मिरवला होता. झोऊ यूने सुन छ्वानपुढे मांडलेला हिशेब वेगळा : उत्तरेकडचे दीड लाखाच्या घरात आणि तेही थकलेले, शिवाय नुकतेच शरण आलेले सत्तर-ऐंशी हजार, ज्यांचे मन अजून डळमळीत. त्याने पन्नास हजार माणसे मागितली, हाती आली तीस हजार.

आगीचा हल्ला हा दोन्ही भागांचा कळस, आणि त्याची कल्पना झोऊ यूचा सरदार हुआंग गाई याची. शत्रूची जहाजे एकमेकांना लागून उभी आहेत, हे त्याने हेरले. काही डझन जहाजांत वाळलेले बोरू आणि सरपण भरले, त्यावर तेल ओतले, वरून कापड टाकून झाकले आणि निशाणे लावली. शरण येतो असे पत्र आधीच धाडलेले होते. त्साओ त्साओचे सैनिक तटाबाहेर येऊन बोटे दाखवत होते, की बघा, हुआंग गाई शरण येतोय. जवळ येताच जहाजे पेटवून सोडून दिली; वारा जोराचा होता, आग काठावरच्या छावणीपर्यंत पोहोचली. एवढ्यावरच चित्रपटाला तासभर पुरेल असा ऐवज होता. पण तेवढ्याने भागले नाही. झोऊ यूची पत्नी शियाओ छियाओ एकटी शत्रूच्या छावणीत जाते आणि त्साओ त्साओला चहा पाजत वारा फिरेपर्यंत गुंतवून ठेवते. याला साधनांत काडीचाही आधार नाही. त्साओ त्साओला तिची अभिलाषा होती, ही गोष्ट तांग काळातील काव्याने सुचवली आणि कादंबरीने वाढवली. ज्या ताम्रपक्षी मनोऱ्यात तो तिला ठेवणार होता असे सांगतात, तो बांधला गेला २१० मध्ये, लढाईनंतर. चहाचा एवढा सोपस्कारही तांग काळाला शोभणारा आहे, हान काळाला नव्हे.

गवताच्या पुतळ्यांनी भरलेल्या नावा धुक्यात पाठवून शत्रूचे लाखभर बाण मिळवण्याचा प्रसंग चिनी मुलांना शाळेपासून पाठ असतो. तो कादंबरीतला आहे. एका जुन्या उताऱ्यात सुन छ्वानच्या नावेत एका बाजूने इतके बाण रुतले की ती कलली, म्हणून त्याने ती फिरवून दुसरी बाजू पुढे केली, असे आहे. ती घटना २१३ ची, रुशूजवळची. प्रेक्षकांच्या अपेक्षेपुढे वू यांनी येथे मान तुकवली. सुन छ्वानची बहीण सुन शांगशियांग हिची हेरगिरी, मेलेल्या रोग्यांची प्रेते नदीपार सोडून साथ पसरवणे, शेवटी झोऊ यू आणि त्साओ त्साओ यांची जळत्या छावणीत समोरासमोर गाठ, हे सारे पटकथेचे. सुन छ्वानची बहीण खरी होती आणि तिच्या शंभरावर दासी तलवारी घेऊन उभ्या असत, एवढे इतिहास सांगतो. शांगशियांग हे नाव तिला नाटकांनी दिले.

खरा शेवट चित्रपटाहून भेसूर होता. त्साओ त्साओ हुआरोंगच्या वाटेने पळाला. वाट चिखलाची. अशक्त सैनिकांना गवत वाहून खड्डे भरायला लावले आणि घोडदळ त्यांच्यावरून गेले. कित्येक चिखलात तुडवले गेले. पुढे त्याने सुन छ्वानला लिहिले, की फौजेत रोगराई होती म्हणून आपणच जहाजे जाळून माघार घेतली. रोगराई खरी होती, इतर साधनेही तसे सांगतात. पराभूताची ही बाजू पडद्यावर क्वचितच येते.

साहित्यसामग्रीची अचूकता हा वेगळा प्रकार. चिनी युद्धपटांतील स्वारांचे पाय सर्रास रिकिबीत असतात; चीनमधील रिकिबीचे सर्वांत जुने भक्कम पुरावे चौथ्या शतकाच्या आरंभीचे आहेत. लिऊ बेईचा सरदार ग्वान यू याच्या हातातील लांब दांड्याचे चंद्राकृती पाते हे फार नंतरच्या काळातील शस्त्र. पण ते काढून घेतले तर प्रेक्षक ग्वान यूला ओळखणारच नाहीत.

इतर प्राचीनपटांनी याहून सैल हात ठेवला. २००८ मधील ‘थ्री किंगडम्स : रिझरेक्शन ऑफ द ड्रॅगन’ मध्ये त्साओ त्साओची सेनापती नात ही पूर्णपणे कल्पित आहे. झांग यिमोऊ यांचा ‘हीरो’ (२००२) इ.स.पू. २२७ मधील छिनच्या राजावरील फसलेल्या मारेकरी हल्ल्याच्या आठवणीवर उभा आहे, मात्र त्यातला मारेकरी एकसंध साम्राज्याच्या हितासाठी आपणहून माघार घेतो. जिंग क नावाच्या खऱ्या मारेकऱ्याने वार केला होता.

दुसऱ्या गटाकडे वळले की प्रश्नाचे रूपच पालटते. ग्वान हू यांचा ‘द एट हंड्रेड’ (२०२०) शांघायमधील सिहांग गोदामाच्या बचावावर आहे. ऑक्टोबर १९३७ च्या अखेरीस शिए जिनयुआनच्या तुकडीने सूझोऊ खाडीकाठचे हे गोदाम जपान्यांपासून लढवले. पलीकडच्या तीरावरील आंतरराष्ट्रीय वसाहतीतून लोक ही लढाई पाहत होते. सैनिक प्रत्यक्षात चारशेहून थोडे अधिक. शत्रूला चकवण्यासाठी आठशे सांगितले गेले आणि तोच आकडा रूढ झाला. गोदामावर ध्वज फडकला, तो यांग हुईमिन या बालवीर मुलीने आणला होता. अडचण एवढीच, की तो ध्वज चीन प्रजासत्ताकाचा, म्हणजे आज तैवानवर फडकणारा, आणि लढणारे सैनिक कम्युनिस्टांच्या प्रतिस्पर्धी कुओमिंतांग पक्षाचे. जून २०१९ मध्ये शांघाय महोत्सवाच्या उद्‌घाटनाला ठरलेला हा चित्रपट ‘तांत्रिक कारण’ देऊन ऐन वेळी काढून घेण्यात आला. वर्षभराने काटछाट होऊन तो आला, तेव्हा कथेचा कळस असलेला ध्वज पडद्यावर कुठेही नीट दिसत नव्हता. गोदाम हुबेहूब उभारले होते आणि भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणांपर्यंत मेहनत घेतली होती. तैवानमध्ये याच लढाईवर १९७० च्या दशकात निघालेल्या चित्रपटाला ध्वजाची अडचण नव्हती; तेथे वगळायच्या गोष्टी वेगळ्या होत्या.

२०१५ मधील ‘कैरो डिक्लरेशन’ च्या भित्तिपत्रकावर माओ झळकले. १९४३ च्या कैरो परिषदेला हजर होते च्यांग काय-शेक. माओ तेव्हा येनानला होते. यावर चीनमधील नेटकऱ्यांनी भरपूर टिंगल केली आणि सरकारी गोटातील वृत्तपत्रानेही टीका छापली. एवढी मोकळीक पुढे उरली नाही.

‘द बॅटल अ‍ॅट लेक चांगजिन’ (२०२१) हा कोरियन युद्धावरील चित्रपट चेन कैगे, त्सुई हार्क व दान्ते लाम या तिघांनी दिग्दर्शित केला आणि काही वर्षे तो चीनचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट होता. नोव्हेंबर-डिसेंबर १९५० मधील कडाक्याची थंडी, अपुऱ्या कपड्यांत दबा धरून बसलेल्या जागीच गोठून मेलेले चिनी सैनिक आणि दगडासारखे झालेले बटाटे हे सर्व खरे आहे, आणि चित्रपटाचा तोच सर्वांत प्रभावी भाग आहे. कथेतले दोघे भाऊ कल्पित आहेत, ते चालण्यासारखे. पण २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने दक्षिणेवर चढाई केली, तेथून युद्ध सुरू झाले, हे तीन तासांच्या चित्रपटात प्रेक्षकाला कळत नाही. ही चूक अज्ञानातून झालेली नाही.

चीनमध्ये वीर व हुतात्मे यांच्या संरक्षणाचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला, आणि मार्च २०२१ पासून त्यांची बदनामी हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरला. या चित्रपटात गौरवलेल्या गोठलेल्या सैनिकांची थट्टा आणि युद्धाच्या न्याय्यतेवर शंका घेणारा मजकूर लिहिल्याबद्दल पत्रकार लुओ चांगपिंग यांना ऑक्टोबर २०२१ मध्ये ताब्यात घेण्यात आले, आणि मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांना सात महिन्यांची शिक्षा सुनावली.