रिंगणातील अश्व आणि विहिरीतील मोटार

दिल्लीतील मराठी कुटुंबांच्या करमणुकीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास नाटक, गणेशोत्सव आणि कोजागरी यांची नोंद प्रथम होईल, आणि ते योग्यच आहे. परंतु या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही एक काहीसा उपेक्षित विषय निवडला आहे. तो म्हणजे मोटारींच्या कसरतीचा खेळ. विषय वाचून काही वाचक स्मित करतील, याची आम्हांस जाणीव आहे. तथापि या खेळाचा एक धागा आपल्याच सांगली-मिरजेच्या मुलखातून गेलेला आहे, हे पाहिल्यावर त्यांचे कुतूहल जागे होईल, असा आम्हांस भरवसा वाटतो.

निमित्त घडले ते असे. नवरात्रात लाल किल्ल्यासमोरील मैदानांवर रामलीला भरते आणि तिच्या शेजारी मोठा मेळा लागतो. गेल्या खेपेस आम्ही सौभाग्यवती, कन्या आणि मातोश्री यांच्यासह तेथे गेलो होतो. रामलीला पाहून परतताना कन्येने ‘मौत का कुआँ’ पाहण्याचा हट्ट धरला. लाकडी फळ्या जोडून केलेली, वीस-पंचवीस फूट उंचीची ती गोल विहीर. प्रेक्षकांनी जिना चढून वरच्या काठावर उभे राहावयाचे आणि खाली डोकवावयाचे. तळाशी दोन मोटारसायकली आणि एक जुनी मारुती ८०० उभी होती. गुरगावच्या कारखान्यातून या जातीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात बाहेर पडली. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. रस्त्यावरून जवळजवळ दिसेनाशी झालेली ती गाडी येथे भिंतीवर धावत होती. फळ्या थरथरत होत्या. प्रेक्षक काठावरून हात लांबवून दहा-वीसच्या नोटा धरीत, आणि स्वार एक हात सोडून त्या अलगद टिपीत.

यात जादू काहीच नाही. गोल भिंतीवर वेगाने फिरणाऱ्या गाडीस भिंत सतत आत वळवीत असते. त्यामुळे चाके भिंतीवर घट्ट दाबली जातात, आणि त्या दाबातून उत्पन्न होणारे घर्षण गाडीस खाली घसरू देत नाही. वेग फार घटला की घर्षण अपुरे पडते. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगात स्वाराच्या देहावर त्याच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. तो सोसून त्यास हसावयाचेही असते.

या विद्येचा आरंभ मोटारीच्या जन्माच्या कितीतरी आधी, घोड्यावर झाला. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली या घोडेस्वाराने गोल रिंगणात कसरती दाखविण्यास सुरुवात केली. रिंगणात धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर आतल्या बाजूस कलून उभे राहणे सोपे जाते, हे त्याने ओळखले होते. सर्कशीचे रिंगण पुढे ४२ फूट व्यासाचे ठरून गेले.

हिंदुस्थानात हे रिंगण स्वतःचे म्हणून आखले ते विष्णुपंत छत्रे यांनी. सांगलीकडील अंकलखोपचे हे गृहस्थ संस्थानिकांच्या पदरी अश्वविद्येत नावाजलेले होते, आणि गायनाचेही शौकीन होते. मुंबईत आलेली कियारिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस पाहून त्यांना ईर्ष्या उत्पन्न झाली. तत्पूर्वीचे सुखाचे दिवस बाजूस सारून त्यांनी २० मार्च १८८० रोजी मुंबईत आपल्या सर्कशीचा पहिला खेळ केला. पुढे म्हैसाळच्या देवलांसारख्या अनेकांनी हा वारसा चालविला.

घोड्याची जागा यंत्राने घेतली ती विसाव्या शतकात. १९११ च्या सुमारास अमेरिकेत उतरत्या भिंतींचे लाकडी मार्ग निघाले, त्यानंतर काही वर्षांतच भिंती सरळ उभ्या झाल्या, आणि १९२९ मध्ये हा खेळ इंग्लंडात पोहोचला. तंत्र मात्र तेच राहिले: वर्तुळ, वेग आणि आत कललेला देह.

याच विद्येचे दुसरे रूप आपण दिल्लीकर दर वर्षी २६ जानेवारीस पाहतो. लष्कराच्या सिग्नल दलाचे ‘डेअरडेव्हिल्स’ हे मोटारसायकल पथक १९३५ सालापासूनचे. २०१८ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या ‘सीमा भवानी’ या महिला पथकाने त्याच राजपथावर, म्हणजे २०२२ पासूनच्या कर्तव्यपथावर, मोटारसायकलींवर मनोरे रचले, तेव्हा आम्ही सहकुटुंब उभे राहून टाळ्या वाजविल्या होत्या. विहिरीच्या काठावर मात्र, प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, कोणी ओळखीचे पाहत तर नाही ना, या विचाराने आम्ही थोडे मागे सरकून उभे होतो.

खेळ संपल्यावर मातोश्री विहिरीच्या दाराशी थांबल्या. घाम पुसत बाहेर आलेल्या पोरसवदा स्वारास त्यांनी आपल्या मिरजेच्या हिंदीत विचारले, “बेटा, तेरा विमा-बिमा उतराया है क्या?” तो हसला आणि त्याने वर बोट दाखविले. तो देवाकडे बोट दाखवीत आहे, असे आम्हांस वाटले. “उधर, माताजी, जो नोट देते हैं,” तो म्हणाला. दसऱ्यानंतर पुढच्या मेळ्यास, आणि हिवाळ्यात अलीगढच्या नुमाईशीस जावयाचे, एवढा त्याचा पुढचा हिशेब ठरलेला होता.

मातोश्री परतीच्या वाटेवर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अरे, तुझे वडील गेल्यावर मला दरमहा निवृत्तिवेतन येते. याच्या आईला काय येईल?”

तीस वर्षे शासकीय कागद हाताळलेल्या आमच्यापाशी या प्रश्नास तयार उत्तर नव्हते. संचलनातील स्वारास वेतन आहे, इस्पितळ आहे, निवृत्तीनंतरची तरतूद आहे. तोल सांभाळण्याची विद्या तीच असूनही विहिरीतील स्वारास यांपैकी काहीच नाही. असंघटित कामगारांसाठी केंद्र शासनाने २०२१ साली ई-श्रम नोंदणी सुरू केली. दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर आम्ही तिची माहिती कागदावर हिंदीत लिहून त्या स्वारास नेऊन दिली. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. नोंदणी केली की नाही, हे आम्हांस कळले नाही.

स्थिर नोकरीसाठी घर सोडून आपण दिल्लीस आलो. विष्णुपंतांनी स्थैर्य सोडून रिंगण आखले. दोन्ही वाटा मराठीच होत. आपले मंडळ पन्नास वर्षांचे होत असता वाचकांस एवढीच विनंती की, पुढील मेळ्यात विहिरीच्या काठावर उभे राहाल तेव्हा मागे सरकू नये. पुढे यावे, नोट द्यावी, आणि खेळ संपल्यावर खाली उतरून त्या स्वाराची चार शब्दांनी विचारपूस करावी.