राज, कृष्ण
(१९३७–२००४). सार्वजनिक धोरणांच्या चर्चेला वाहिलेल्या, मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या इंग्रजी साप्ताहिकाचे संपादक. सचिन चौधरी यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या ‘इकॉनॉमिक वीकली’त ते १९६० साली रुजू झाले. १९६६ मध्ये साप्ताहिक नव्या नावाने निघू लागले. १९६९ पासून अखेरपर्यंत राज यांनी त्याची धुरा वाहिली. बिनसहीची संपादकीये, चालू घडामोडींवरील टिपणे आणि आकडेवारीच्या तक्त्यांसह दीर्घ शोधलेख एकाच अंकात येत. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ मध्ये येथेच छापला गेला. नामवंतांबरोबर नवख्या संशोधकांनाही जागा देऊन, स्वतः प्रसिद्धीपासून दूर राहून त्यांनी धोरणचर्चेला पुराव्याची शिस्त लावली, हे त्यांचे मोठे योगदान होय.