हरवलेला आराखडा परत कसा मिळतो?

पेणच्या गणपती कारखान्यात वाळत ठेवलेली मूर्ती हातातून निसटून फुटली, तर नुकसान होते. पण मूर्तीचे रूप नाहीसे होत नाही. मूळ नमुन्यावरून घेतलेला साचा बाजूला ठेवलेला असतो, त्यातून तीच मूर्ती पुन्हा काढता येते. मात्र डोळ्यांची आखणी आणि रंगकाम साच्यात नसते. ते पुन्हा हातानेच करावे लागते. संगणकावरचे हरवलेले आराखडे परत मिळवण्याच्या इतिहासातही हाच नियम दिसतो : नक्कल केली त्या क्षणापर्यंतचे काम परत मिळते, त्यानंतरचे मिळत नाही.

पेणहून रेल्वेने दक्षिणेला गेले की रोहा लागते. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. रासायनिक कारखान्यातील टाक्या, नळांची जाळी, यंत्रांचे पाये यांतले काहीच आराखड्याशिवाय उभे राहत नाही. कोकण रेल्वेचा मार्गही रोह्यापासूनच सुरू होतो. तिची उभारणी १९९० ते १९९८ या काळात झाली. त्याच दशकात आपल्याकडील आरेखनाच्या खोल्यांमध्ये ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअरच्या शेजारी संगणक येऊन बसू लागला.

कागदाच्या काळात नक्कल कशी होत असे? इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये लोहक्षारांच्या साहाय्याने निळी छायाप्रत काढण्याची रीत शोधली. तीच पुढे 'ब्लू प्रिंट' म्हणून जगभर गेली. नंतर अमोनियाच्या वाफेवर उमटणाऱ्या प्रती आल्या. मूळ ट्रेसिंग कपाटात राही आणि प्रती कामाच्या जागी जात. प्रत फाटली तर ट्रेसिंगवरून दुसरी निघे. ट्रेसिंगच खराब झाले, तर प्रतीवरून ते पुन्हा काढता येई. शिवाय कागदावर एकदा ओढलेली रेघ दिवे गेले म्हणून पुसली जात नसे.

संगणकाने हे बदलले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये 'स्केचपॅड' हा कार्यक्रम सादर केला. प्रकाशलेखणीने पडद्यावर थेट रेघ ओढता येऊ लागली. पण ही रेघ म्हणजे शाई नव्हे, स्मृतीत साठवलेले आकडे. आजच्या संगणकात काम चालू असताना हे आकडे जलद स्मृतीत असतात आणि वीज जाताच ती स्मृती कोरी होते. चकतीवर लिहिले तेवढेच उरते.

१९८२ मध्ये 'ऑटोकॅड' बाजारात आले आणि छोट्या संगणकावर आरेखन शक्य झाले. त्यात पुढे दोन प्रकारच्या नकला रूढ झाल्या. पहिली 'बीएके' फाइल. आपण काम जतन केले की चकतीवरची आधीची प्रत खोडली न जाता या नावाने बाजूला ठेवली जाते. म्हणजे ती नेहमी एक पाऊल मागे असते. दुसरी नक्कल 'ऑटोसेव्ह'ची. ठरावीक मिनिटांनी कार्यक्रम स्वतःच चालू कामाची प्रत वेगळ्या फाइलीत लिहितो. काम नीट बंद केले तर ती प्रत काढून टाकली जाते. वीज गेली किंवा कार्यक्रम मध्येच कोसळला, तर ती मागे राहते. या फाइलींच्या नावाचे शेपूट बदलून 'डीडब्ल्यूजी' केले, की त्या नेहमीच्या आराखड्याप्रमाणे उघडतात. मात्र त्याआधी त्यांची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, कारण पुढच्या जतनाबरोबर जुनी 'बीएके' पुसली जाते. २००६ च्या आवृत्तीत तर अपघातानंतर उरलेल्या फाइलींची यादी समोर मांडण्याची सोयच आली.

दोन नकलांमधले अंतर किती असावे? १९९० च्या दशकातील आवृत्त्यांत ते मुळात १२० मिनिटे ठेवलेले असे. पुढे ते १० मिनिटांवर आले. वीज केव्हाही जाऊ शकते असे धरले, तर सरासरी नुकसान या अंतराच्या निम्मे होते. म्हणजे पूर्वी ६० मिनिटांचे, आता ५ मिनिटांचे. भारनियमनाची वर्षे पाहिलेल्यांना या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको. मग दर मिनिटाला नक्कल का नाही? पूर्वीच्या मंद यंत्रांवर मोठा आराखडा चकतीवर लिहिताना हातातले काम थांबत असे. सुरक्षिततेसाठी वेळ मोजावा लागे.

ऑटोसेव्हला आणखी एक मर्यादा आहे. ती प्रत सहसा त्याच संगणकात असते. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने रोहा तालुक्यातील नागोठण्यात हाहाकार उडवला. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रायगड जिल्ह्याची पुन्हा मोठी हानी झाली. पाणी घरात शिरते तेव्हा मूळ आणि नक्कल असा भेद ते करत नाही. म्हणून एक प्रत दुसऱ्या चकतीवर आणि एक दुसऱ्या गावी असावी.

शिक्षकांना वर्गात हा विषय गणिताच्या तासालाही घेता येईल. नकलांमधले अंतर १०, ३० व १२० मिनिटे धरावे आणि वीज जाण्याच्या वेळा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. प्रत्येक वेळी किती काम बुडाले ते मुलांनी फळ्यावर मांडावे आणि सरासरी काढावी. मग शाळेच्या संगणकातील निकालपत्रकांची शेवटची प्रत केव्हा काढली होती आणि ती कुठे ठेवली आहे, हे त्यांनीच आपल्याला विचारावे.